आबांची गुरुवारची रांग

मागच्या डिसेंबरात तुम्ही दोघं इथे सिंगापुरात आलात, तेव्हा एका सकाळी आपण हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर प्राटा, म्हणजे इथला पराठा, घ्यायला गेलो होतो. आपल्या मागे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे होते, त्यांना मी पुढे जाऊ दिलं. मग कामाला उशीर झालेली एक मुलगी पुढे गेली. मग एक बाई, कारण तिच्या कडेवर मूल होतं. मग आणखी कोणीतरी, कारण एव्हाना मला थांबवत नव्हतं. धाकटी वैतागून म्हणाली, "आजी, व्हाय आर वी ऑल्वेज लास्ट?" तुमची आई हसली आणि म्हणाली, "ते आबांना विचार." मग प्राटा आला आणि विषय राहिला.

तो आता लिहिते आहे. तुम्ही तिकडे कॅनडात आहात, आणि फोनवर एवढं सगळं सांगता येत नाही. आई रविवारी वाचून दाखवेल, अडेल तिथे इंग्रजीत सांगेल.

मला सगळं क्रमाने सांगायला आवडतं. माझ्या स्वयंपाकघरातले डबे तुम्ही पाहिले आहेत. पण आबांची आठवण क्रमाने येत नाही. कधी बुटाच्या पॉलिशचा वास आला की येते, कधी कोणी पाण्याचा पेला पुढे केला की येते. तेव्हा जशी येईल तशी मांडते.

आबा म्हणजे आमचे घरमालक. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी इंग्रजांच्या फौजेत भरती झाले आणि बोटीने इथे आले. जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा कैदेत पडले. सुटल्यावर गावी गेले, लग्न केलं आणि बायकोला घेऊन पुन्हा इथेच आले. गोदीवर मुकादम झाले. इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांत शहराच्या कौन्सिलवर एकदा निवडून आले, अपक्ष. पुढची निवडणूक हरले. त्यांचं चरित्र विचारलं तर ते स्वतःही एवढंच सांगायचे, आणि वर म्हणायचे, "झालं. आता तुजं सांग."

आम्ही आलो तेव्हा शहराच्या सेरंगून भागात उंच इमारती नव्हत्या. पत्र्याच्या छपरांची घरं, मध्ये कच्चे बोळ, कोंबड्या, लिचीसारख्या रंबुतान फळाची झाडं. आबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. तुमचे आजोबा एका जहाज कंपनीत हिशेबनीस होते. ते सकाळी जात ते संध्याकाळी येत. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, बी.ए. झालेली, आणि दिवसभर बसून मच्छरदाण्या दुमडत होते. आबांनी मला पहिल्या आठवड्यातच विचारलं.

"काय शिकलीयस?"

"बी.ए. इंग्रजी घेऊन."

"इंग्रजी कागद वाचून त्याचा अर्थ सांगता येतो, का नुसती पास झालीस?"

मला राग आला. "सांगता येतो," मी म्हटलं.

"मग गुरवारी पाचला वसरीवर ये. केस बांधून ये."

गुरुवारी पाचला ओसरीवर काय असतं ते मला काकींनी सांगितलं. काकी म्हणजे आबांची बायको. त्यांची जीभ मिरचीसारखी होती आणि हात सढळ. "कौन्सिलात हुते तवा गुरवारी लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे," त्या म्हणाल्या. "गावचा बाजार गुरवारचा, म्हणून गुरवार. मग हरले. त्या चिनी मास्तरानं पार झोपवलं. म्या म्हटलं, चला, आता तरी वसरी मोकळी हुईल. तर पुढच्या गुरवारी ह्यांनी टेबल मांडलंच! म्या म्हटलं, अवो, हारलाय तुमी. तर म्हनत्यात, लोकान्ला कुठं ठावं हाय त्यांच्या अडचनी संपल्यात म्हनून?"

आणि लोकांनाही ते ठाऊक नव्हतं. ते येतच राहिले. मी गेले तोवर निवडणूक हरून आबांना किती तरी वर्षं झाली होती. त्यांच्या हातात ना सही होती, ना शिक्का. तरी दर गुरुवारी बाकावर माणसं असायची: कोंबड्या पाळणाऱ्या चिनी बायका, मलय ड्रायव्हर, गोदीवरचे तमिळ हमाल. काकी मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी चहा टाकायच्या आणि खिडकीतून ओरडायच्या, "आमदारसाहेब, चा झालाय!" आबा ऐकू न आल्यासारखं करायचे.

कामाची पद्धत अशी. माणसाने सरकारी कागद पुढे करायचा. तो इंग्रजीत असायचा. तो मी वाचून आबांना मराठीत सांगायचा. आबा तो बाजारी मलयमध्ये त्या माणसाला सांगायचे. तो मलयमध्ये उत्तर द्यायचा, ते आबा मला मराठीत सांगायचे, आणि मी इंग्रजीत उत्तर लिहायचं. एकदा एका म्हाताऱ्या चिनी बाईला तिची डुकरं हलवायला सांगणारा कागद आला होता. मी पुणेरी काळजीने सांगायला लागले, "कळवण्यास खेद वाटतो की..."

"थांब," आबा म्हणाले. "खेद वाटतोय तर कळवत्यात कशाला? खेद सोड. डुकरांचं काय म्हनत्यात ते सांग."

माझं बी.ए. मी त्या ओसरीवर पुन्हा केलं, असं समजा. साध्या भाषेत लिहायला मला कॉलेजने शिकवलं नाही. आबांनी शिकवलं, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

त्यांचे नियम फौजेतले होते. अंगणात चुन्याने रंगवलेल्या विटांची ओळ होती, बराकीसमोर असते तशी, आणि रांग त्या विटांच्या आतच. पहिला उठला की सगळ्यांनी बाकावर एकेक जागा सरकायचं. बाकावरच्या माणसाला पहिल्यांदा पाणी. कोणी रडत आला तर आबा पेला पुढे करायचे, "मिनुम," म्हणजे पी. पाणी पिऊन झालं की मग, "हं, आता रड." आणि एका माणसाचं एका वेळी एकच काम. "सातु-सातु," ते बोट वर करून म्हणायचे. मलयमध्ये त्याचा अर्थ एकेक. घराचं गाऱ्हाणं आणि मुलाच्या शाळेचं गाऱ्हाणं एकदम आणलं, तर शाळेचं पुढच्या गुरुवारी. मी एकदा म्हटलं, आबा, दोन्ही एका कागदात बसतील की. ते म्हणाले, "कागदात बसतील. वाचनाऱ्याच्या मनात बसायचे न्हाईत."

लोक भेटी आणायचे. रंबुतान, अंडी, एकदा जिवंत कोंबडी. आबा काही घ्यायचे नाहीत. ती भेट रांगेतल्या शेवटच्या माणसाला मिळायची. त्याचा परिणाम असा झाला की रंबुतानच्या मोसमात लोक मागे राहण्यासाठी भांडायला लागले. "तू आधी," "नाही, तू आधी," असं दोन हमाल एकमेकांना पुढे ढकलत होते. आबांनी दोघांनाही कान धरून उभं केलं आणि पिशवी तिसऱ्याला दिली.

मतं मागतानाही ते असेच होते म्हणे. प्रचारसभेनंतर लोक हात मिळवायला गर्दी करून पुढे आले, तर उमेदवार ओरडला, "रांगेत या!" काकींच्या मते निवडणूक तिथेच गेली. "मास्तर समद्यांच्या गळ्यात पडत हुता, आन आमचे गळ्यावर बसत हुते."

मास्तर म्हणजे तो चिनी शाळामास्तर, ज्याने आबांना हरवलं. मी आले तेव्हा तो आमच्या भागाचा एमपी होता, हुशार आणि तरुण. त्याचीही लोकांना भेटायची वेळ असायची, सोमवारी संध्याकाळी, बाजारापलीकडच्या कम्युनिटी सेंटरमध्ये. त्याच्याकडे सही होती आणि शिक्काही. आबा त्याच्याविषयी कधी वाईट बोलले नाहीत. कधी बोललेच नाहीत. फक्त बाजारात जाताना ते सेंटरचा रस्ता टाळून लांबून वळसा घ्यायचे. काकी म्हणायच्या, "भाजी आनाया मलेशियातनं जात्यात."

आणखी एक सांगायचं राहिलं. आबा आयुष्यभर रबरी सपातांत वावरले, पण फौजेतल्यासारखे काळे बूट त्यांच्याकडे होते, आणि रोज सकाळी ते त्यांना पॉलिश करायचे. फडक्याने, ब्रशने, मग पुन्हा फडक्याने. पायात घातलेले मी पाहिले नव्हते. मी विचारलं, "आबा, घालत नाही तर पॉलिश कशाला?"

"हुकूम आला तर?"

"कोणाचा हुकूम येणार आहे आता?"

"त्ये येनाऱ्याला ठावं," ते म्हणाले आणि टाचेवर थुंकी लावून घासायला लागले.

तुमची आई दोन वर्षांची होती, तेव्हा तुमचे आजोबा ऑफिसात काम करता करता खुर्चीतच कोसळले. हे मी थोडक्यात लिहिते. तुम्हाला त्यांचा फोटो माहीत आहे, हसरा. ते तसेच होते.

सगळं उरकून मी घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. माणसं येत होती, बोलत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. आबा आत आले, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि माझ्यासमोर पेला धरला. "पी." मी प्यायले. "सगळं पी." मी सगळं प्यायले. "हं. आता रड," ते म्हणाले, आणि दारात माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी रडत होते तोवर त्यांनी कोणालाही आत येऊ दिलं नाही. काकींनाही नाही. तुमची आई काकींच्या खांद्यावर झोपली होती.

पुण्याहून दिरांचा निरोप आला. खोली रिकामी केली आहे, या. मुलीचं आम्ही बघू. माणसं वाईट नव्हती. पण "मुलीचं आम्ही बघू" म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिने किती शिकायचं, मी काय नेसायचं, आमच्या दुधाला किती पैसे, सगळं कोणीतरी बघणार. मला ते नको होतं. आणि मला इथे काम मिळत होतं! ओसरीवर येणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या शाळेत माझं नाव सुचवलं होतं. इंग्रजी शिकवायला शिक्षिका हवी होती, शाळा तयार होती. अडचण एकच. माझा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, तुमच्या आजोबांच्या पासावर होता. ते गेल्यावर तो रद्द होणार होता, आणि नव्या पासाला परवाने देणाऱ्या कचेरीने नाही म्हटलं होतं. पुढचा आठवडा संपायच्या आत मी देश सोडायचा होता.

त्याच्या थोडं आधी आणखी एक कागद आला होता, आबांच्या नावाचा. तो मीच वाचून दाखवला. आमच्या बोळावरून रस्ता जाणार होता. घरं पाडायची होती, लोकांना नव्या फ्लॅटमध्ये जागा मिळणार होती. आबांनी तो घडी करून खिशात ठेवला. "खेद वाटतोय का त्यांना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाटतो, असं लिहिलं आहे. "बरं," ते म्हणाले. त्यानंतर ते गुरुवारी ओसरीवर बसले की अधूनमधून नुसतेच विटांकडे बघायचे.

रविवारी जेवताना काकी एकदम म्हणाल्या, "मास्तराकडं जावा."

आबा जेवत राहिले.

"शिक्का त्याच्यापाशी हाय. पोरीचं काम त्याच्यानंच हुईल. आन आपल्या घराचंबी इचारा."

आबांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले.

सोमवारी चारच्या सुमाराला मी खोलीत बांधाबांध करत होते. दारात आबा उभे होते. दाढी केलेली, शर्ट खोचलेला, आणि पायात ते काळे बूट. मी बुटांकडेच बघत राहिले.

"चल," ते म्हणाले. "लेक काकीपाशी ठेव."

वळसा न घेता आम्ही सरळ रस्त्याने गेलो. सेंटरमध्ये बाकं मांडलेली होती आणि माणसं बरीच होती. त्यातली निम्मी आबांना ओळखत होती, कारण तीच माणसं गुरुवारी आमच्याकडे असत. ती उठून उभी राहिली, जागा द्यायला लागली. आबांनी हातानेच सगळ्यांना बसवलं आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. रांग सरकू लागली. आमच्यामागून एक बाई आली, आबांनी तिला पुढे बसवलं. एक लंगडत आलेला माणूस आला, तोही पुढे. मग एक मुलगा, मग एक जोडपं. जो येईल तो पुढे, आणि आम्ही होतो तिथेच.

"आबा," मी हळूच म्हटलं, "आपला नंबर जातोय."

"जाऊ दे."

"आबा, आज नाही झालं तर माझ्याकडे पुढचा सोमवार नाही."

"मला ठावं हाय."

आत एकेक माणूस जात होता, बाहेर येत होता. बाहेर उजेड कमी होऊ लागला. शेवटी आमच्यापुढे एकच जण उरला, तो आत गेला, आणि तेवढ्यात सेंटरचा एक पोरगेला स्वयंसेवक फाइल बंद करत आला. "ओव्हर ओरेडी, अंकल. नेक्स्ट मंडे कम, लाह," तो इथल्या इंग्रजीत म्हणाला.

मला वाटलं, संपलं. मी उठले. आबा उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ, बसून राहिले. "बसू दे मला," ते मलयमध्ये म्हणाले. "बसायला शिक्का लागत न्हाई ना?" हे शेवटचं मराठीत, माझ्यासाठी.

थोड्या वेळाने आतला दिवा बंद झाला आणि मास्तर किल्ल्या हातात घेऊन बाहेर आला. बाकावर आबांना बघून तो थांबला. त्याने आधी चेहरा पाहिला, मग बूट.

"तुम्ही? कधीपासून?" त्याने विचारलं. ते दोघं मलयमध्ये बोलत होते. ओसरीमुळे मला आता ती भाषा कळत होती. "आत निरोप का नाही पाठवला? मी सगळ्यांत आधी बोलावलं असतं."

"म्हणूनच नाही पाठवला," आबा म्हणाले.

मास्तर हसला नाही. त्याने परत आत जाऊन दिवा लावला नाही की आम्हाला आत बोलावलं नाही. तो तिथेच, आबांच्या शेजारी, बाकावर बसला. "घराचं ना?" तो म्हणाला. "मी वाट पाहत होतो तुम्ही कधी येताय त्याची."

आबांनी नाही म्हणून मान हलवली. "घर जाऊ दे. ही पोरगी राहू दे."

मग त्यांनी माझं सगळं सांगितलं. मी त्यांना सरकारी कागद सांगत असे तसंच. खेद नाही, विनंती नाही. नवरा गेला. शाळा तयार आहे. कचेरी नाही म्हणते. पास आठवड्याअखेर संपतो. इंग्रजी चांगलं आहे, मी स्वतः तपासलं आहे. मास्तरने मला दोन-तीन गोष्टी विचारल्या, शाळेचं नाव लिहून घेतलं. "सकाळी मी स्वतः कचेरीत जाईन," तो म्हणाला. मग आबांकडे वळून, "आणि तुमचं घर? बोळ? ओसरी? त्याबद्दल काहीच नाही?"

आबांनी एक बोट वर केलं. "सातु-सातु," ते म्हणाले, उठले, आणि मास्तरला त्यांनी सलाम केला. असा सलाम मी पुन्हा कोणाला केलेला पाहिला नाही. बुटांचा आवाज झाला.

परत येताना मी भांडले. मला राग आवरत नव्हता. "मागे राहायची काय गरज होती? तो मागच्या दाराने गेला असता तर? माझं सगळं त्या रांगेवर होतं, आबा!"

ते त्यांच्याच चालीने चालत राहिले. मग म्हणाले, "कैदेत असताना आमच्यात एकच नळ हुता. सकाळचा थोडा वेळ यायचा. पहिल्यांदा दांडगे पुढं जायचे आन आजारी तसंच राहायचे. मग आमच्या सुभेदारानं रांग लावली. आन त्यो स्वतः समद्यांच्या मागं उभा राहायचा. लई वेळा त्याच्यापातुर पानी पोचायचं न्हाई. तरी दुसऱ्या दिशी मागंच. मग दांडग्यांना लाज वाटाय लागली." थोडं चालून ते म्हणाले, "लोक मला सुभेदार म्हनत्यात. म्या नुसता शिपाई हुतो. सुभेदार तिथंच ऱ्हायला."

मी त्यांच्या बरोबरीने चालायला लागले.

"आज म्या पुढं गेलो असतो," ते म्हणाले, "तर मास्तरानं वळख म्हनून काम केलं असतं. वळखीनं केलेलं काम वळख मोडली की मोडतंय. तुजं काम मोडाया नगो."

शुक्रवारी पास मिळाला. मी त्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. तुमची आई त्याच शाळेत शिकली. बाकीचं तुम्हाला माहीत आहे, त्यात तुम्हीही आलात.

घरी ती बातमी सांगितली तेव्हा काकी देवापुढे साखर ठेवून आल्या आणि आबांना म्हणाल्या, "आन घराचं?"

"पोरीचं झालं न्हवं?"

"घराचं इचारलंच न्हाई?" काकींनी कपाळावर हात मारला. "एवढे बूट घालून गेला आन घर तिथंच ठिवून आला!"

पुढच्या सोमवारी मी आबांना काही न सांगता सेंटरमध्ये गेले. शेवटच्या बाकावर बसले. येईल त्याला पुढे बसवलं. स्वयंसेवकाने मला पाहून या वेळी फाइल बंद केली नाही.

"आता काय?" मास्तरने विचारलं. "पास मिळाला ना?"

"मिळाला. ते गेल्या आठवड्याचं काम होतं," मी म्हटलं. "हे ह्या आठवड्याचं."

तो आता हसला. मग गंभीर झाला. रस्ता वळवता येणार नाही, म्हणाला. त्याच रस्त्यात त्याच्या सासऱ्यांचं घरही जात होतं. मी म्हटलं, मी घर मागायला आलेच नाही. आबांना फ्लॅट वरच्या मजल्यावर मिळेल. मग गुरुवारी लोक कुठे बसतील? त्यांना बसायला खाली जागा द्या. एक बाक, एक टेबल, आणि डोक्यावर छप्पर.

मास्तरने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे ज्याला मी हरवलं, त्याचं ऑफिस मीच उघडून देऊ?"

"हो," मी म्हटलं. पुण्यात असते तर असं बोलायला माझी जीभ रेटली नसती.

आंग मो किओ या नव्या वस्तीत आम्हाला ज्या इमारतीत फ्लॅट मिळाले, त्या ब्लॉकखाली जी मोकळी जागा असते, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात, तिथल्या कोपऱ्यात सिमेंटचा एक बाक आणि टेबल बसवलं गेलं. कागदावर ते "रहिवाशांच्या सोयीसाठी" होतं. आबांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. बोळ सोडायच्या दिवशी त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांच्या लॉऱ्या आधी जाऊ दिल्या आणि स्वतः शेवटच्या लॉरीत बसले, पायाशी चुन्याच्या विटांचा ढीग घेऊन. त्या विटा ब्लॉकखालच्या झाडांभोवती लावल्या. मागच्या डिसेंबरात तुम्ही त्यांच्यावर बसून आइस्क्रीम खाल्लंत, आणि थोरल्याने विचारलं होतं की आजी, ह्या इथेच तेवढ्या पांढऱ्या का आहेत.

आबा त्या बाकावर आणखी पुष्कळ वर्षं बसले. काकी वरून, गॅलरीतून ओरडायच्या, "आमदारसाहेब, चा!" आणि सगळा ब्लॉक वर बघायचा. बाजाराला जाताना आबा आता सरळ रस्त्याने जात. बूट मात्र पुन्हा त्यांच्या पायात दिसले नाहीत, रोज पॉलिश होऊनही. शेवटी शेवटी हात थरथरायचे, तेव्हा तुमची आई शाळेतून आली की त्यांना पॉलिश करून द्यायची. बूट आणि ब्रश, दोन्ही ती तिकडे घेऊन गेली आहे. तिला दाखवायला सांगा.

आबा गेल्यावर पहिल्या गुरुवारी मी खाली गेले, ते लोकांना सांगायला की आता कोणी येऊ नका. बाकावर माणसं बसली होती. मी पाणी आणायला वर गेले, आणि परत आले ती अजून खालीच आहे, असं म्हणा. आता लोक कागद आणत नाहीत, फोन आणतात. सरकारी निरोप फोनवर येतात आणि म्हाताऱ्यांना ते उघडता येत नाहीत. मी उघडून देते, साध्या भाषेत सांगते. खेद अजूनही वाटतो त्यांना.

गेल्या गुरुवारी एक खूप म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्याबरोबरच्या बाईने त्यांना बाकाच्या टोकाशी बसवलं आणि ती बाजाराला गेली. हातात फोन होता. त्यांच्यामागून कोणी आलं की ते काठीने खूण करून त्याला पुढे बसवायचे. तेव्हा मी नीट पाहिलं. मास्तर. किती तरी वर्षांपूर्वी त्यांनी राजकारण सोडलं होतं. मी त्यांना मध्येच बोलावलं नाही. सगळे गेल्यावर ते सरकत सरकत माझ्यासमोर आले आणि मी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

ते पेल्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी," ते इंग्रजीत म्हणाले, "तो माझ्या दाराशी सगळी संध्याकाळ बसला होता. एवढ्या उकाड्यात. आम्ही त्याला पाणीही विचारलं नाही. मी शेजारी बसलो, तरी विचारलं नाही. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं."

"ते काही म्हणाले नाहीत त्याबद्दल," मी म्हटलं. "कधीच नाही."

"माहीत आहे."

त्यांनी पाणी सावकाश, सगळं प्यायलं. मी पेला पुन्हा भरला, आणि त्यांच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. "आणा. काय काम आहे?"

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि एक बोट वर केलं.

"सातु-सातु," ते म्हणाले. "ते पुढच्या गुरुवारी."